पाणी तापविण्याचा बंब

आजच्या भाषणाचा विषय अगदीं घरगुती आहे. पाणी तापविण्याचा बंब ही वस्तु महाराष्ट्रांतील माणसाला नवी नाहीं. विजेचे व गॅसचे गीझर घरोघर आले, कांहीं घरांच्या गच्चीवर सूर्याच्या उन्हानें पाणी तापूं लागलें, तरी बंब अजून गेलेला नाहीं. कोल्हापूर-सांगलीकडील वाड्यांतून, कोंकणांतल्या परसांतून, पुण्यानाशिकच्या जुन्या घरांतून तो आजही पेटतो. दिवाळींतल्या अभ्यंगस्नानाला बंबाचेंच पाणी पाहिजे, असा आग्रह धरणारीं माणसें शहरांतही आहेत. आणि आजोबांचा माळ्यावर पडलेला बंब खालीं काढून, घांसूनपुसून तो पुन्हां वापरावा अशी हौस कित्येक तरुण कुटुंबांना वाटूं लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु आजोबांबरोबर त्या बंबाची रीतही माळ्यावर गेली असेल, तर ती खालीं काढणें अधिक अगत्याचें आहे.

आपल्या भाषेंत एक गंमत आहे. आग विझवावयास धांवत येतो तोही बंब, आणि आग पोटांत घेऊन बसतो तोही बंब! या दुसऱ्या बंबाच्या पोटांतली आग मोकळा श्वास घेत असते तोंवर तो आपला सेवक असतो. तिचा श्वास कोंडला, किंवा तिच्याबरोबर एका खोलींत माणसाला कोंडलें, म्हणजे तोच सेवक घातकी होतो. बंबाची सारी निगा एवढ्या एका गोष्टींत सामावलेली आहे. पुढें जें सांगावयाचें तें याचेंच स्पष्टीकरण आहे.

प्रथम बंबाची रचना पाहूं. बंब म्हणजे एकांत एक बसविलेलीं दोन नळकांडीं. बाहेरचें रुंद, आंतलें अरुंद. दोहोंच्या मधल्या पोकळींत पाणी असतें आणि आंतल्या नळकांड्यांत विस्तव. हें आंतलें नळकांडें वर धुराड्याप्रमाणें उघडें असतें. त्याच्या तळाशीं लोखंडी जाळी, जाळीखालीं राख पडण्याची जागा, आणि तेथेंच हवा आंत शिरण्याचें तोंड. वरच्या अंगाला पाणी ओतण्याचें तोंड किंवा नरसाळें, बाजूला तोटी, उभा राहण्यास पाय आणि उचलण्यास दोन कड्या. जुने बंब तांब्याचे वा पितळेचे असत. आतां न गंजणाऱ्या पोलादाचेही मिळतात. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत तांब्याचीं भांडीं ठोकून घडविण्याचा धंदा पेशवाईपासून चालत आलेला आहे. हातोडीच्या सारख्या ठोक्यांनीं भांड्यावर जे चकचकीत ठसे उमटतात, त्या मठारकामाचा हेतु केवळ शोभेचा नसतो. ठोकल्यानें तांब्याचा मऊ पत्रा कणखर होतो, आणि पाण्याचा भार सोसण्यास समर्थ होतो.

हीच रचना रशियांतील समोवराची आहे. मधल्या नळींत कोळसे आणि भोंवतीं पाणी. तुला नांवाचें शहर समोवरांबद्दल प्रसिद्ध आहे. काश्मीरांत अशाच भांड्याला समावार म्हणतात आणि त्यांत कहवा उकळतात. थंड मुलुखांत ज्या युक्तीनें चहा होतो, त्याच युक्तीनें आपल्याकडे स्नान होतें एवढाच काय तो फरक.

या युक्तींत तीन गोष्टी आहेत. चुलीवर हंडा ठेवला म्हणजे ज्वाळा त्याच्या तळाला चाटून बाजूंनीं निसटते; पुष्कळशी उष्णता भिंतींना आणि स्वयंपाक करणाराला मिळते. बंबांत विस्तव पाण्याच्या मधोमध असल्यामुळें त्याची आंच चोहोंकडून पाण्यालाच लागते. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी कीं, तापलेली हवा हलकी होऊन नळकांड्यांतून वर चढते आणि तिच्या जागीं खालच्या तोंडांतून ताजी हवा ओढली जाते. म्हणजे बंबाला निराळा भाता लागत नाहीं. तो स्वतःच स्वतःचा भाता आहे. नळकांडें जितकें उंच तितकी ही ओढ अधिक. तिसरी गोष्ट पाण्याची. तापलेलें पाणी वर जातें व गार पाणी खालीं राहतें. कांहीं बंबांत नरसाळ्याची नळी तळापर्यंत नेलेली असते आणि गरम पाण्याची तोटी वरच्या अंगाला असते. अशा बंबांत एक तांब्या गार पाणी ओतलें कीं तें तळाशीं जातें आणि तितकेंच कढत पाणी तोटींतून बाहेर पडतें.

आतां थोडें गणित. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिला एक उष्मांक म्हणूं. वीस लिटरांचा बंब वीस अंशांपासून सत्तर अंशांपर्यंत तापवावयाचा, तर वीस गुणिले पन्नास म्हणजे १,००० उष्मांक लागतील. चांगल्या वाळलेल्या एक किलो लांकडांतून सुमारें ३,५०० उष्मांक मिळतात. निम्मी उष्णता धुराड्यावाटे आणि इतर वाटांनीं गेली असें धरलें, तरी हें काम सहाशें ग्रॅम लांकडांत व्हावयास हवें. थंडीचा दिवस, गार पडलेलें भांडें, वारा, यांसाठीं आणखी थोडें सोडूं. तेव्हां अशा बंबाला पाऊण किलो, फार तर एक किलो लांकूड पुरे. आपल्या घरचा बंब याच्या दुपटीतिपटीनें लांकूड खात असेल, तर लांकूड ओलें आहे, जाळी तुंबली आहे, नळकांड्याला काजळी धरली आहे, किंवा पाण्याच्या बाजूला क्षार बसले आहेत. या चार कारणांपैकीं एखादें खास सांपडेल.

यांपैकीं ओलें लांकूड हा सर्वांत मोठा चोर. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत पुष्कळदां निम्मेंच पाणी असतें. एक किलो उकळतें पाणी वाफ होऊन उडून जावयास ५४० उष्मांक लागतात. ओलें लांकूड म्हणजे आधींच निम्मा माल, आणि त्या निम्म्या मालांतूनही स्वतःचें पाणी उडविण्याचा खर्च वजा! हिशेब केला तर एक किलो ओल्या लांकडांतून वाळलेल्याच्या जवळजवळ निम्मीच उष्णता हातीं लागते. पण खरा तोटा याहून मोठा आहे. पाणी उडत असेपर्यंत लांकूड तापत नाहीं, नीट पेट घेत नाहीं; तें धुमसतें. धूर म्हणजे न जळलेलें सरपणच होय. इंग्लंडांत मायकेल फॅरडे यांनीं १८६० सालच्या नाताळांत मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानें दिलीं. विझविलेल्या मेणबत्तीच्या धुराला पेटती काडी दाखविली कीं ज्योत धुराच्या वाटेनें खालीं उडी घेऊन वात पुन्हां पेटविते, हा प्रयोग त्यांत होता. तो घरींही करून पाहण्यासारखा आहे. बंबांतून दाट पांढरा किंवा पिंवळसर धूर निघूं लागला म्हणजे विकत घेतलेलें लांकूड न जळतां आकाशांत चाललें आहे, असें समजावें.

म्हणून लांकूड फोडून, बारीक करून, पावसाच्या ओलीपासून वर, वारा लागेल अशा रीतीनें रचून निदान एक उन्हाळा वाळवावें. अखंड ओंडका सालीमुळें लवकर वाळत नाहीं, फोडलेला वाळतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या म्हणजे लांकूड वाळलें. ठप्प आवाज आला तर अजून वेळ आहे. बाभळीचें लांकूड जड; तें सावकाश जळतें आणि त्याचे निखारे टिकतात. आंब्याचें हलकें लांकूड लवकर पेटतें आणि लवकर संपतें. कोंकणांत नारळाच्या करवंट्या आणि सोडणें, देशावर तुरीच्या व कपाशीच्या वाळक्या काड्या, हेंही बंबाचें उत्तम खाद्य आहे. मात्र करवंटीची ज्वाळा फार तीव्र असल्यानें ती थोडी थोडी घालावी. गोवरीनें विस्तव टिकतो, पण धूर आणि राख अधिक. रंगविलेलें फर्निचर, प्लायवुडचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबर, हीं मात्र बंबांत कधींही घालूं नयेत. त्यांच्या धुरांत विषारी द्रव्यें असतात. बंब म्हणजे घरांतील केराची पेटी नव्हे.

आतां पेटविण्याचा क्रम. यांतला पहिला नियम असा, कीं आधीं पाणी आणि मग विस्तव. याचें कारण शाळेंतल्या एका प्रयोगानें चांगलें समजतें. कागदाच्या द्रोणांत पाणी घालून तो ज्योतीवर धरला, तर पाणी उकळूं लागतें पण जेथवर पाणी आहे तेथवर कागद जळत नाहीं. पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाहीं, आणि आपल्याला टेकलेल्या वस्तूलाही फारसें तापूं देत नाहीं. बंबाचें नळकांडें याच न्यायानें वांचतें. तांबें वितळावयास १,०८४ अंश लागतात; परंतु सांध्यावर किंवा दुरुस्तीच्या ठिकाणीं कथलाचा डाख असेल तर कथील २३२ अंशांनाच वितळतें, आणि त्यांत शिसें मिसळलेलें असेल तर त्याहूनही कमी उष्णतेला. रिकामा बंब पेटविला, किंवा पाणी संपेपर्यंत तोटी चालू ठेवली आणि खालीं विस्तव धगधगता राहिला, म्हणजे डाख सुटतो आणि बंब गळूं लागतो. तेव्हां पाणी काढावें तितकें भरीत जावें, आणि पाण्याची पातळी विस्तवाच्या खालीं कधीं जाऊं देऊं नये. चुकून बंब कोरडा पडलाच, तर तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी ओतूं नये. विस्तव काढून तो आपोआप निवूं द्यावा.

दुसरा नियम पाण्याच्या तोंडाचा. तें घट्ट बंद करूं नये. बूच ठोकूं नये, चिंध्या कोंबूं नयेत. एक लिटर पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सोळाशें लिटरांहून अधिक जागा मागते. ती जागा न मिळाल्यास वाफ आपली वाट फोडून करून घेते. कचरा पडूं नये म्हणून सैल झांकण असावें, एवढें पुरे.

मग जाळीवरची आदल्या दिवशींची राख पाडून खालचें तोंड साफ करावें. तळाशीं बारीक चिपाडें किंवा करवंटीचा तुकडा ठेवून पेटवावें, ज्वाळेनें जोर धरला म्हणजे बोटाएवढ्या आणि नंतर मनगटाएवढ्या ढलप्या उभ्या सोडाव्या. नळकांडें लांकडांनीं ठासून भरण्याचा मोह टाळावा. लांकडाइतकीच मोकळी जागा हवेलाही लागते. पेटत नाहीं म्हणून रॉकेल किंवा दुसरें तेल वरून ओतणें म्हणजे अपघाताला बोलावणें होय. गरम निखाऱ्यांवर पडलेल्या तेलाची आधीं वाफ होते आणि मग ती एकदम भडकून नळकांड्याच्या तोंडावाटे, म्हणजे नेमकी वांकून पाहणाराच्या चेहऱ्यावर, येते.

आतां मी आजच्या भाषणांतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतों. पुष्कळ घरांतून अशी रीत आहे, कीं बंब अंगणांत किंवा गॅलरींत पेटवावयाचा, आणि धूर बंद होऊन नुसते लाल निखारे राहिले म्हणजे तो उचलून न्हाणीघरांत नेऊन ठेवावयाचा. धूर गेला म्हणजे धोका गेला, अशी यामागची समजूत आहे. ही समजूत अगदीं उलटी आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, माणसाला बाहेर पळवितो. तो त्रासदायक खरा, पण निदान सूचना देतो. निखाऱ्यांचा वायु कसलीही सूचना देत नाहीं.

या वायूचें नांव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा म्हणजे कर्ब. त्याला भरपूर प्राणवायु मिळाला म्हणजे तो पुरा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. परंतु निखाऱ्यांचा थर जाड असेल, तर तळाशीं तयार झालेला हा वायु वरच्या लालभडक कोळशांतून जातांना पुन्हां कर्ब उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर कधीं कधीं नाचणाऱ्या ज्या लहान निळ्या ज्योती आपण पाहतों, त्या जळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्याच. ती ज्योत आहे तोंवर वायु जळून जात आहे. हवा कमी पडली, राखेनें जाळी तुंबली किंवा धुराड्यावर झांकण ठेवलें, म्हणजे निळी ज्योत नाहींशी होते आणि वायु न जळतां खोलींत पसरतो.

या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. त्याचें वजन हवेच्या जवळजवळ बरोबरीचें असल्यामुळें तो जमिनीलगत बसत नाहीं किंवा छताशींही जात नाहीं. साऱ्या खोलींत मिसळतो. आपल्या रक्तांतील तांबडें द्रव्य, हीमोग्लोबिन, फुफ्फुसांतला प्राणवायु उचलून सर्व शरीरभर पोंचवितें. या द्रव्याला कार्बन मोनॉक्साइडची ओढ प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक आहे. म्हणून हवेंत तो अगदीं थोडा असला तरी प्राणवायूची जागा बळकावून बसतो. श्वास चालू असतो, छाती वरखालीं होत असते, आणि मेंदू व हृदय मात्र प्राणवायूवांचून तळमळत असतात. आधीं डोकें जड होतें, मग दुखूं लागतें. चक्कर येते, मळमळतें, पायांतला जोर जातो. यांतली क्रूर गोष्ट अशी, कीं माणसाला कांहीं तरी होत आहे हें कळलें तरी उठून कडी काढण्याचें बळ त्याच्या अंगांत उरलेलें नसतें. स्नान करणारा तर आंतून कडी लावूनच बसलेला असतो, आणि पाण्याच्या आवाजांत बाहेरच्यांना कांहीं ऐकूं येत नाहीं.

विस्तवापुढें विद्वान् आणि अडाणी असा भेद नाहीं. फ्रान्सचे प्रख्यात कादंबरीकार एमिल झोला १९०२ सालच्या सप्टेंबरांत पॅरिस येथील आपल्या घरीं रात्रीं झोंपले, ते सकाळीं मृत सांपडले. निजण्याच्या खोलींतल्या शेकोटीचें धुराडें तुंबलें होतें आणि हा वायु खोलींत कोंडला होता. त्यांच्या पत्नी मात्र वांचल्या. उत्तर भारतांत थंडीच्या दिवसांत बंद खोलींत शेगडी ठेवून झोंपलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, अशा बातम्या जवळजवळ दर हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांत येतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत, वारा लागूं नये म्हणून दारेंखिडक्या लावून, बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल आहे. आईला व अर्भकाला ऊब हवी हें बरोबर. पण ती पांघरुणानें, गरम पाण्याच्या पिशवीनें द्यावी. कोंडलेल्या खोलींतील निखारा हा त्या दोघांच्याही जिवावरचा धोका आहे. गॅसच्या गीझरलाही हाच नियम लागू आहे. लहानशा बंद न्हाणीघरांत तो जळत राहिला आणि त्याला बाहेर जाणारें धुराडें नसलें, तर बंबाच्या निखाऱ्याहून तो कमी घातकी नाहीं.

येथें दोनतीन भाबड्या समजुतींचा उल्लेख केला पाहिजे. खोलींत पाण्याची बादली भरून ठेवली म्हणजे विषारी वायु पाण्यांत विरतो, असें कित्येक मानतात. कार्बन मोनॉक्साइड पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. बादली भरलेली राहते आणि वायुही राहतो. दाराखालीं फट आहे, तेवढी पुरे, असेंही म्हणतात. एकाच बाजूच्या लहान फटीनें हवेचा प्रवाह सुरू होत नाहीं. त्याला आंत येण्याची एक आणि बाहेर जाण्याची दुसरी, अशा दोन वाटा लागतात. आणि ‘आमच्या घरीं पन्नास वर्षें असेंच चाललें आहे’ हें उत्तर तर नेहमींचें. पन्नास वर्षांपूर्वींच्या न्हाणीघराकडे जरा पाहा. तें बहुधा मागल्या पडवींत होतें. त्याला कौलांचें छप्पर, फळ्यांचें दार, भिंतींत झरोका. वारा कोठून येई आणि कोठून जाई, याचा विचारच करावा लागत नसे. आजचें न्हाणीघर चार फूट रुंद, फरशीनें गुळगुळीत केलेलें, कांचेची खिडकी घट्ट लावलेली. बंब तोच राहिला, पण त्याच्या भोंवतालचें घर बदललें. बंबाची जुनी सुरक्षितता ही पुष्कळशी त्या जुन्या घराची होती, हें विसरून चालणार नाहीं.

तेव्हां नियम एकच: बंब उघड्यावर पेटवावा, उघड्यावरच ठेवावा, आणि न्हाणीघरांत न्यावयाचें तें केवळ पाणी, विस्तव नव्हे. एक बादली भरून नेण्यास असे कितीसे श्रम पडतात? ज्यांना बंबासाठीं अंगण, परसू, गच्ची किंवा मोकळी गॅलरी नाहीं, त्यांनीं बंबाची हौस तो शोभेला ठेवून भागवावी. उघड्यावरही शेजाऱ्यांच्या खिडकीखालीं धूर सोडूं नये. घरगुती इंधनांच्या धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें अकालीं मरण पावलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतला मोठा वाटा बंद स्वयंपाकघरांतल्या चुलींचा असला, तरी धूर कोणाचाच मित्र नाहीं.

एवढी काळजी घेऊनही कोणी असा सांपडलाच, तर काय करावें? आंत धांवणारानें प्रथम दार व खिडकी सताड उघडावी, आणि त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेंत आणावें. आंत बसून तोंडावर पाणी मारीत राहूं नये, नाहीं तर एकाचे दोन होतात. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद असेल आणि येत असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा. शुद्धीवर आला म्हणून इस्पितळ टाळूं नये. साध्या हवेंत रक्तांतल्या या वायूपैकीं निम्मा भाग निघून जावयास चारपांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिला असतां हेंच काम एकदीड तासांत होतें. लिंबू, कांदा, ताक यांनीं हा वायु रक्तांतून निघत नाहीं.

आतां निगेच्या चार गोष्टी थोडक्यांत सांगतों. रोज राख काढावी. पण राखेंत लपलेला निखारा दुसऱ्या दिवशींपर्यंत जिवंत राहूं शकतो, म्हणून ती पत्र्याच्या डब्यांत काढावी, कागदाच्या खोक्यांत किंवा प्लॅस्टिकच्या बादलींत नव्हे. निवालेली राख भांड्यांना आणि थोडीशी बागेलाही उपयोगी पडते. महिन्यांतून एकदां, बंब गार असतांना, नळकांडें काथ्याच्या लांब कुंच्यानें आंतून झाडावें. काजळीचा थर हा पाण्यावर पांघरूण घातल्यासारखा असतो. आंच आंतच राहते आणि धुराड्याचें तोंडही अरुंद होतें. ओल्या लांकडाची काजळी डांबरासारखी चिकट असते व ती झाडतां येत नाहीं. तेव्हां पुन्हां मूळ उपाय तोच, वाळकें लांकूड.

विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी वापरणारांच्या बंबांत आंतून पांढरट कवच धरतें. पाण्यांत विरघळलेला चुना तापल्यावर वेगळा होऊन धातूला चिकटतो. तोटींतून कण येऊं लागले, किंवा पाणी तापतांना खडखड आवाज होऊं लागला, म्हणजे कवच जाड झालें असें समजावें. हातोडीनें ठोकून तें काढूं नये, पत्रा चेमटतो. व्हिनेगर घातलेलें किंवा लिंबूसत्व विरघळविलेलें कोमट पाणी कांहीं तास आंत ठेवावें. फेंस येऊन कवच सुटतें. मग दोनतीनदां स्वच्छ पाण्यानें खंगाळावें. बाहेरून चिंच व मीठ लावून घांसावें. तांब्यावरचा काळा थर चिंचेच्या आंबटपणानें विरघळतो, हेंच त्यामागचें रहस्य. पण घांसल्यावर आंबट तेथेंच राहूं दिलें तर हिरवा कळंक चढतो, म्हणून ताबडतोब धुऊन कोरडें पुसावें. बंबांतलें पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊं नये. आंतल्या जुन्या डाखांत शिसें असण्याचा संभव असतो. परगांवीं जातांना बंब रिकामा करून उलटा ठेवावा.

शेवटीं लहान मुलांविषयीं. साठ अंशांचें पाणी मोठ्या माणसाची कातडीही पांचसहा सेकंदांत भाजून काढतें, मग मुलांची कोवळी कातडी ती काय! म्हणून बादलींत आधीं गार पाणी, मग कढत. बंबाची तोटी मुलांच्या हाताला येणार नाहीं अशा रीतीनें फिरवून ठेवावी, आणि पेटत्या बंबापाशीं कोणी तरी मोठें माणूस असावें. भाजलेंच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें वाहतें साधें गार पाणी धरावें. तूप, हळद, दांतांची पेस्ट यांतलें कांहीं लावूं नये, आणि जखम मोठी असल्यास डॉक्टरांकडे जावें.

श्रोतेहो, बंब ही शहाणी वस्तु आहे. थोड्याशा वाळक्या काटक्यांवर ती घरभराच्या स्नानाचें पाणी तापविते आणि नीट वापरली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. तिचें आपल्याजवळ मागणें एवढेंच, कीं खालून हवा येण्याची वाट राखेनें तुंबूं देऊं नये, मधली वाट काजळीनें अरुंद होऊं देऊं नये आणि वरची वाट आकाशाकडे मोकळी ठेवावी. उद्यां सकाळीं बंब पेटवितांना या तीन वाटा एकदां डोळ्यांनीं पाहा. आणि घरांत कोणी निखाऱ्यांचा बंब उचलून न्हाणीघराकडे निघाला असेल, तर त्याला उंबऱ्यावरच थांबवा.